चांदाची तारीख आणि मुरूडचे पाणी

घाटावरच्या माणसांना समुद्राचे अप्रूप फार असते. विहीर, कालवा, धरण हे पाणी आपल्या ओळखीचे; पण दिवसातून दोनदा जागा सोडणारे पाणी आपण वर्षातून एकदा, सुट्टीत पाहतो. मे महिन्यात आम्ही तीन दिवस मुरूडला होतो. आमचे घर आणि नणंदेचे घर मिळून मोठी माणसे सहा आणि मुले सात. सर्वांत धाकटा चार वर्षांचा, सर्वांत मोठी पंधरा वर्षांची. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, इंदापूर, तळा करत दुपारी पोहोचलो. वाटेत खोकरीचे घुमट लागतात, सिद्दी सरदारांच्या कबरींवरचे. मुलांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त समुद्र हवा होता.

उतरलो ते एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घरी. पुढे अंगण, मागे नारळाची वाडी, आणि वाडी संपली की वाळू. घरमालक चाचा सत्तरीचे. तीस वर्षे जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत असा एक तरी माणूस सापडतो, ज्याचे अर्धे आयुष्य पाण्यावर गेले आहे. मुलांनी सामान टाकले, टॉवेल घेतले आणि निघाली. चाचांनी त्यांना अंगणातच थांबवले आणि विचारले, "आज चांद कितवा?"

सातही मुले एकमेकांकडे पाहू लागली. पंधरा वर्षांची म्हणाली, "नाना, परवा अम्मीचा रोजा होता, तेराव्या चांदाचा. म्हणजे आज पंधरावा."

"मग आता पाणी भरलेले आहे आणि उतरायला लागले आहे," चाचा म्हणाले. "आज उधाणाचे दिवस. मगरिबपर्यंत ते मागे-मागे जाणार, आणि जाताना जोरात जाणार. घोट्यापर्यंत खेळा. गुडघ्याच्या पुढे कुणी गेलेले मला दिसता कामा नये."

भूगोल शिकवताना आम्ही भरती-ओहोटीचा धडा कितीतरी वेळा घेतला आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे फळ्यावर आकृती काढून सांगतो. पण चाचांनी तो धडा थेट आपल्या घरातल्या चांदाच्या तारखेला जोडला, तेव्हा रात्री आम्ही वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. कोकणातला हिशेब सोपा आहे. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, तितक्याच वेळाने पुन्हा भरती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते. तेवढे सगळे पाणी सहा तासांत परत जायचे असते, आणि त्यातही तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सर्वांत वेगाने जाते.

आपली चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक-दोन दिवस मागे असते, कारण आपण महिना चंद्र दिसल्यावर धरतो. तेव्हा चांदाच्या तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी आली. पंधराच्या पुढे गेली तर पुन्हा एकपासून मोजायचे. त्या दिवशी आमचा चांद पंधरावा, म्हणजे वद्य प्रतिपदा किंवा द्वितीया. भरती दुपारी पाऊण ते दीडच्या दरम्यान. चाचा घड्याळ न पाहता जे बोलले ते हेच.

वहीत आकडे मांडताना एक गोष्ट दिसली आणि आम्ही क्षणभर पेन खाली ठेवले. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाशी ईद आणि तिवाशी ईदला, आपली कुटुंबे फिरायला निघतात. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीतली घरे तर हमखास समुद्रावर जातात. नवे कपडे घातलेली मुले, डब्यात बिर्याणी, टेम्पो भरून पाहुणे. आता शव्वालचा दुसरा चांद घ्या. तिथी तृतीया किंवा चतुर्थी. भरती सव्वादोन ते तीनच्या सुमारास. जेवण, जुहर, थोडी डुलकी होऊन माणसे पाण्याकडे वळतात ती पाचच्या आसपास. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा उधाणाचे पाणी सर्वांत जोराने आत खेचत असते. हे एखाद्या वर्षी नाही, दर वर्षी. ईद उन्हाळ्यात येवो, थंडीत येवो की पावसात, ती अमावास्येला लागूनच येणार आणि पाणी उधाणाचेच असणार. बकरीदेचे तसे नाही. दहावा चांद म्हणजे भांगाच्या आसपासचे पाणी. पण रमजान ईदचा हा मेळ आपल्या कॅलेंडरमध्येच लिहिलेला आहे, आणि आपल्याइतका चांदाचा हिशेब ठेवणारी दुसरी घरे कोणती असतील?

अर्थात नुसत्या हिशेबावर विसंबणारा माणूस धोक्यात आहे, हेही याच मुरूडच्या किनाऱ्यावर सांगायला हवे. २०१६ च्या १ फेब्रुवारीला पुण्याहून सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी १४ जण याच पाण्यात बुडाले. कॉलेजातली मुले-मुली, हातीपायी धडधाकट. त्या दिवशी पौर्णिमाही नव्हती आणि अमावास्याही नव्हती. चंद्र निम्मा होता, वद्य अष्टमीच्या आसपासचा. म्हणजे पाणी भांगाचे, हिशेबाने शांत. तरीही १४ घरांची मुले परत गेली नाहीत. मुरूडचा किनारा पाहिला की याचे आश्चर्य वाटत नाही. तो लांब, पसरट, सौम्य उताराचा आहे. पाणी बराच वेळ गुडघ्यापर्यंतच राहते, म्हणून माणूस आत-आत जात राहतो. वळून पाहतो तेव्हा किनारा दूर गेलेला असतो. समोर पद्मदुर्ग दिसतो, तो हाकेच्या अंतरावर वाटतो. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी अशा ठिकाणी एक खड्डा, एक मोठी लाट किंवा शेजाऱ्याने घाबरून घातलेली मिठी पुरते.

दुसऱ्या दिवशी असरच्या वेळी जे घडले ते आमच्या डोळ्यांदेखत. कोकणातले आपले लोक शाफई, त्यांची असर आमच्या हनफी असरपेक्षा तासभर आधी होते. यावरून आमच्या नंदोईंची आणि चाचांची सकाळपासून थट्टा चालली होती. पण त्या तासाचाच उपयोग झाला. आम्ही चटया टाकून नमाजला उभे राहिलो तेव्हा चाचा आपली असर कधीच पढून वाळूत बसले होते आणि मुलांवर त्यांची नजर होती. आमची मुले काठावर किल्ला करत होती. थोडे पलीकडे दुसरे एक मोठे कुटुंब होते, पंधरा-वीस माणसे, सगळी पाण्यात, हसणे-ओरडणे चालू. आम्ही सलाम फेरला तेव्हा चाचा उठून त्या घोळक्याकडे चालत, नव्हे जवळजवळ धावत निघाले होते. पाण्यात शिरून त्यांनी सात-आठ वर्षांच्या एका मुलाला दंडाला धरून उचलले. मुलापासून चार हातांवर त्याचे काका उभे होते, मोबाईलवर फोटो काढत. फोटोत तो मुलगाही आला असेल.

मुलगा खोकला, उलटी झाली, मग रडला. रडला म्हणून सगळ्यांचा जीव खाली पडला. चाचा त्याच्या वडिलांना म्हणाले, "ओरडत होता तोवर मी बसून होतो. गप्प झाला तेव्हा उठलो."

बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा" म्हणून ओरडतो, असे आपण सिनेमात पाहिलेले असते. खरे बुडणे बहुधा मुके असते. तोंड पाण्याच्या पातळीला, कधी वर कधी खाली. जो काही श्वास मिळतो तो घेण्यातच जातो, हाकेला उरत नाही. हात वर जात नाहीत, आजूबाजूला पाणी दाबत राहतात, जणू शिडी चढतो आहे. मान मागे पडलेली, डोळे काचेसारखे. लहान मूल या अवस्थेत एक मिनिटही टिकत नाही. म्हणून वीस माणसांच्या घोळक्यात मूल सुरक्षित असते हा समज आम्हाला सर्वांत घातक वाटतो. वीसजण असले की प्रत्येकाला वाटते, बाकीचे एकोणीस पाहत आहेत.

त्या मुलाला चाचांनी घरी जाऊ दिले नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवले. पाणी छातीत गेलेले मूल वरून ठीक दिसले तरी पुढच्या काही तासांत त्याचा श्वास बिघडू शकतो. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, मूल सुस्त होत असेल तर वेळ घालवायचा नाही.

त्या रात्री जेवणाला तांदळाच्या भाकऱ्या, खाडीच्या मासळीचे कालवण आणि सांदण होते. पण बोलणे दुसऱ्याच गोष्टीवर चालले होते. आमच्या नणंदेने विचारले, समजा श्वासच बंद पडला असता तर? गावाकडे आम्ही पाहिले आहे, बुडालेल्याला पालथे घालतात, पोट दाबतात, पाय धरून गरगर फिरवतात. हे सगळे करू नये. पोटातले पाणी काढण्याच्या नादात वेळ जातो आणि पोटातले वर येऊन श्वासनळीत शिरते. खरी गरज हवेची असते. मुलाला कडक जमिनीवर उताणे झोपवून, हनुवटी उचलून, नाक दाबून तोंडाने पाच वेळा श्वास द्यायचा. लहान बाळाचे तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकायचे. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दाब सेकंदाला साधारण दोन, छाती स्पष्ट खाली जाईल इतके. मदत येईपर्यंत थांबायचे नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. आम्ही हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात बाहुल्यावर केले आहे. वाचून डोक्यात राहते, केल्यावर हातात राहते. मोहल्ल्यात एखाद्या डॉक्टरांना बोलावून दोन तासांचे शिबीर घेणे अवघड नाही.

तिसऱ्या दिवसासाठी नियम रात्रीच ठरले. एका वेळी एकच माणूस राखणदार, वीस मिनिटे. त्याच्या हातात मोबाईल नाही, कणीस नाही, गप्पा नाहीत. पाळी संपली की पुढच्याच्या हातात शिट्टी देऊन, मुले मोजून, मगच उठायचे. जमातची नमाज दोन तुकड्यांत. यावर नंदोई थोडे कुरकुरले, तेव्हा मुलांच्या अब्बूंनी आठवण दिली की रणांगणातही तुकडी-तुकडीने नमाज पढायची तरतूद आपल्याकडे आहे, ही तर वाळू आहे. राखणदार बाई असेल तर तिने अबाया नव्हे, सलवार-कुर्ता आणि आवळून बांधलेली ओढणी घालावी. भिजलेला अबाया पायांत गुंडाळतो; मुलामागे धावलेली आईच अडकते. आणि धावण्याआधी फेकावे. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन दोरीला बांधून जवळ ठेवला होता. तो पाण्यावर तरंगतो आणि मूल त्याला धरू शकते. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेतली की बहुतेक वेळा एकाऐवजी दोन जनाजे उठतात.

फुगवायच्या रबरी कड्या चाचांनी वाडीतच अडकवून ठेवायला लावल्या. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, हेही आपण पाचवी-सहावीत शिकलेलो असतो. कडीत बसलेले मूल त्या वाऱ्याला पानासारखे हलके. आई काठावरून हसत हात हलवते आणि कडी खोल पाण्याकडे जात असते.

सकाळी राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला गेलो. होडीत चढण्यापूर्वी लाईफ जॅकेट मागून घेतली आणि सगळे पट्टे आवळून पाहिले. जॅकेट खांद्यांना धरून वर ओढावे; ते कानांपर्यंत आले तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर राहील. चार वर्षांच्याला बसेल असे मिळाले नाही, म्हणून तो आणि त्याची फुफी धक्क्यावरच ताडगोळे खात बसले. त्याचा रडून गोंधळ. पुढच्या वेळी जाईल, इन्शाअल्लाह. किल्ल्याबद्दल इथे फार लिहीत नाही, त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, कलाल बांगडी तोफ अजून बुरुजावर आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे मोठे तळे आहे. मुलांना तळ्याचे नवल वाटले. आम्हाला त्याच्या पायऱ्यांचे शेवाळ दिसत होते.

परत येताना उत्तरेला काशीदपर्यंत जाऊन आलो. मुरूडपेक्षा देखणा किनारा, पांढरी वाळू. पण उतार तीव्र, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे आम्ही मुलांना पाण्यात सोडलेच नाही. वर उभे राहून एक खेळ केला: कुठल्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत ते शोधा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत, शांत दिसणारा पट्टा. अनोळखी माणूस तीच जागा पोहायला निवडतो. ती परतीच्या पाण्याची वाट असते, किनाऱ्यावर आलेले सगळे पाणी तिथून आत जाते. त्यात सापडले तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचे नाही, त्यात चांगला पोहणाराही दमतो. अंग सैल सोडून तरंगायचे, हात वर करायचा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचे. बारा वर्षांच्या भाच्याने तीन पट्टे दाखवले. त्यातला एक चाचांना फोनवर वर्णन करून विचारला, ते म्हणाले, "बरोबर."

हे सगळे समुद्राचे झाले. पण खरे सांगायचे तर आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांचा धोका समुद्र नाही. तो घरापासून एक-दोन किलोमीटरवर असतो. शेततळ्यांना आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की तेलकट फरशीसारखा. उतार तिरका, धरायला काही नाही. आत घसरलेल्याला पोहता आले तरी वर चढता येत नाही. म्हणून एक मुलगा घसरतो, दुसरा हात द्यायला जातो, मग तिसरा. काठावर खुंटीला बांधून आत सोडलेली, गाठी मारलेली एक जाड दोरी हा साधा उपाय आहे. शेततळे असलेल्या प्रत्येक वाचकाने या सुट्टीत तो करावा. पावसाळा लागला की धबधबे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत बहुतेक मुले होती. एकमेकांना घट्ट धरून ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती. वर डोंगरात पाऊस झाला की खालचे पाणी काही मिनिटांत वाढते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की सामान सोडून वर निघायचे.

आमच्या वडिलांच्या पिढीत गावातली मुले विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या काकांच्या हातात. मुली मात्र तेव्हाही काठावरच होत्या. आज विहिरी आटल्या, काकांना वेळ नाही, आणि मुलगेही न शिकताच मोठे होतात. पोहणे, तीरंदाजी, घोडेस्वारी मुलांना शिकवा, ही ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्या जलशांत नेहमी ऐकवली जाते. जलसा संपतो, पुढे काही होत नाही. शाळेच्या सहलीला जे हमीपत्र घरी जाते त्यात मुलाचा रक्तगट विचारलेला असतो, ॲलर्जी विचारलेली असते; पोहता येते का, हा रकाना आम्ही अजून पाहिलेला नाही. या वर्षीच्या आमच्या वर्गाच्या पत्रात तो घातला. चौवेचाळीस मुलांपैकी "होय" लिहून आले पाच. पाचही मुलगे.

आमच्या गावच्या जलतरण तलावात महिलांची वेगळी वेळ आहे, सकाळी अकरा ते बारा, शिकवायलाही बाई आहेत. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो, हे आम्ही जाऊन विचारून आलो. नव्याने शिकणाऱ्या मुलींची तुकडी सुरू करायला किमान दहा नावे हवीत. पंधरा वर्षांच्या भाचीचे नाव पहिले लिहिले, मग आमच्या दोघींचे, मुलींची आणि तिच्या आईचेही, कारण चाळिशीत शिकता येत नाही असे त्या बाईंनी म्हटलेले नाही. वर्गातल्या तीन मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या अम्मींशी बोललो. दोघींनी लगेच होकार दिला, तिसरी अब्बूंना विचारून सांगणार आहे. आजपर्यंत नावे झाली पाच. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत आहे.